उगम-जबानी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मध्यस्थानं ईश्वरी चौगलेच्या जखमेतल्या जंतूची पत्रिका तपासली आणि छत्तीसपैकी चार गुण जुळतात म्हणून सांगितलं. चार! अकरा वर्षांच्या नोकरीत एवढं वाईट स्थळ मी पाहिलं नव्हतं. वाईट वाटलं हे खरंच, पण लपवत नाही, उत्सुकताही चाळवली. पेढीत अकरा हजार भक्षक आहेत आणि त्यातल्या एकालाही न जुमानणारा जंतू माझ्यासमोर होता. म्हणजे याला खाणारा पेढीबाहेर कुठेतरी होता आणि तो मला शोधायचा होता.

मी केतकी नाबर. मूळची वेंगुर्ल्याची, कोल्हापुरातल्या जळीत रुग्णालयाच्या भक्षकपेढीत उगम-शोधक. आई सगळ्यांना सांगते, मुलगी शास्त्रज्ञ आहे. शेजारीण म्हणते, गटारं उपसते. दोन्ही खरं आहे.

इथे थोडं शास्त्र सांगायलाच हवं. भाजलेल्या माणसाचं खरं संकट आग विझल्यावर सुरू होतं. कातडी जळाली की शरीराचं दार सताड उघडं पडतं. त्या दारातून शिरणाऱ्यांत स्यूडोमोनास हा जंतू सगळ्यांत चिवट. ओल असेल तिथे तो जगतो, जखमेवर बसला की स्वतःभोवती बुळबुळीत लेप करतो आणि पट्ट्या हिरव्या करून टाकतो. पूर्वी त्याला प्रतिजैविकं मारायची. पण आपण सर्दीला प्रतिजैविकं खाल्ली, कोंबड्यांना चारली, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवल्या. त्यातून वाचलेले जंतू शिकत गेले. कुणी आत आलेलं औषध पंप लावल्यासारखं बाहेर फेकायला शिकला, कुणी त्याचे तुकडे करायला. २०३६ साली शेवटचं राखीव औषधही आमच्या कक्षात निकामी ठरलं.

मग सगळे भक्षकांकडे वळले. भक्षक म्हणजे जंतूंवर जगणारे विषाणू. माणसाशी त्यांना काही देणंघेणं नाही. एक भक्षक जंतूच्या आत शिरतो, अर्ध्या तासात त्याचे शंभर होतात आणि जंतूला फोडून बाहेर पडतात. पण स्वारी भलती चोखंदळ. प्रत्येकाला आपला ठरावीक वाणच लागतो, दुसऱ्याकडे ढुंकून बघणार नाही. म्हणून जुळवणी करावी लागते. आमचं यंत्र जखमेतल्या जंतूची जनुकं वाचतं आणि पेढीतल्या कुणाशी त्याचं जमेल ते चाळीस मिनिटांत सांगतं. त्याचं सरकारी नाव हातभर लांब आहे. आम्ही त्याला मध्यस्थ म्हणतो, आणि गुणांचा हिशेब छत्तीसात करायची कल्पना माझी.

पेढीत कुणी जुळलंच नाही तर? तर एकच आधार असतो. जंतू जिथे वर्षानुवर्षं नांदला, त्याचा शिकारीही तिथेच वाढलेला असतो. म्हणून आम्ही प्रत्येकाची उगम-जबानी घेतो. कुठे भाजलं, नंतर जखमेला काय लागलं, कुठलं पाणी, कुठली माती, सगळं. पूर्वी डॉक्टरांशी खोटं बोललं तरी गोळी आपलं काम करायची. आता औषध त्या जबानीतूनच निघतं. लोकांच्या हे अजून पचनी पडलेलं नाही.

ईश्वरी चोवीस वर्षांची. दूधगंगेच्या काठी कुंभारओढा नावाचं गाव आहे, तिथल्या गुऱ्हाळावर ती गुळव्या. म्हणजे उसाचा रस मोठ्या पसरट काहिलीत उकळत असताना तो नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. तिकडे हे काम करणारी ती पहिलीच मुलगी. बारा दिवसांपूर्वी काहील उतरवताना साखळी सरकली आणि उकळता पाक तिच्या डाव्या हातावर आला, बोटांपासून दंडापर्यंत. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो आणि भाजत राहतो.

"केतकी, माझ्याकडं उद्या सकाळी नऊपर्यंत वेळ हाय," डॉक्टर फरझाना मुल्ला म्हणाल्या. आमच्या कक्षाच्या त्या प्रमुख. शस्त्रक्रिया करताना प्रमाण मराठी बोलतात, काळजीत असल्या की कोल्हापुरी. "विष रक्तात उतराय लागलंय. नऊच्या आत तुझं औषध आलं तर थांबते. न्हाईतर हात खांद्यातनं काढते. पोरगी तरी राहू दे."

मी जबानीचा कागद पुन्हा काढला. ती दिली होती ईश्वरीच्या वडिलांनी, सर्जेराव चौगल्यांनी. साठीचा माणूस, स्वतः चाळीस वर्षं गुळव्या. 'भाजल्याबरोबर हात नळाखाली वीस मिनिटे धरला. दुसरे काही लावले नाही.' भिंतीवरच्या आमच्याच सूचनाफलकातून उतरवून घेतल्यासारखं. मध्यस्थाच्या अहवालात मात्र शेवटी एक ओळ होती: हा वाण झाडपाल्याच्या चिकट द्रवावर पोसलेला दिसतो.

"मामा, कोरफड लावली होती?"

"न्हाई."

"इसबगोल? सब्जा? जवसाचा लेप?"

"न्हाई वो बाई, आईशप्पत न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग मीच मूर्ख ठरत होते. "चला, जागा दाखवा," मी म्हटलं आणि बाटल्यांची पेटी उचलली.

काचेपलीकडे ईश्वरी पडली होती. ताप एकशेचार. तरी तिनं मान उचलली. "आबा, त्यास्नी कशाला नेताय? नळाचंच हाय की सगळं." हे ती माझ्याशी बोलत नव्हती, बापाच्या डोळ्यांत बघून बोलत होती. मला ते खटकलं, पण घाईत मी त्याचा विचार केला नाही.

गुऱ्हाळ बंद होतं. चुलवाणातली राख गार पडली होती. मी नळ, नाली, चिपाडाचा ढीग, काहिलीखालची माती, जे दिसेल ते बाटलीत भरत सुटले. कोपऱ्यात ठेचलेल्या काटक्यांचा भारा पडला होता. त्यातली एक उचलून धुतली, तर बोटं एकमेकांवरून सुळकन घसरली.

"हे कसलं लाकूड?"

"रानभेंडी," सर्जेराव म्हणाले.

"भेंडी? कशाला?"

"रस साफ कराय. खोडं ठेचून पाण्यात घालायची. त्या बुळबुळीत पाण्याचा तांब्या रसात सोडला की मळी वर येती. त्याबिगर गूळ पिवळा व्हईतच न्हाई."

माझ्या डोक्यात भेंडी म्हणजे भाजी. सकाळी सगळ्या चिकट पदार्थांची यादी मी मोठ्या ऐटीत वाचली होती आणि नेमका हाच सुटला होता! मला नाचावंसं वाटलं. "आणि ते पाणी? कुठे आहे ते पाणी?"

सर्जेराव बाजूला झाले. काहिलीपासून दोन पावलांवर हौद होता. पांढराफेक, ताजा चुना मारलेला, ठणठणीत कोरडा. वाकून बघितलं तर ब्लीचिंग पावडरचा वास नाकात गेला. नळ तिथून पंधरा पावलं दूर, ओसरीच्या टोकाला.

मला तेव्हा सगळं कळलं. सर्जेराव खाली बसले.

"म्याच वराडलो. हात हौदात घाल म्हटलं. माझा बा तसंच करायचा, आजा तसंच करायचा. गार असतंय, बुळबुळीत असतंय, आग थांबती. तिला ठावं हुतं बाई, तिनं सगळं वाचलंय. ती नळाकडंच पळाय लागली हुती. म्या दंडाला धरून मागं वडली." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "दवाखान्यात तुमचा फलक बगितला आन् हादरलो. नळ म्हणून सांगून टाकलं. ती बी तसंच बोलली. पाचव्या दिशी येऊन हौद घासला. आज्यापासनं त्यो कधी कोरडा पडला न्हवता. जुनं पाणी घागरभर ठेवून त्यावरच नवं घालायचो आम्ही, विरजणागत."

विरजणासारखं! साठ-सत्तर वर्षं एकच पाणी, त्यात तोच जंतू आणि त्याच्या मानेवर बसलेला त्याचा शिकारी, पिढ्यान्‌पिढ्या. असा उगम मला जन्मात पुन्हा मिळाला नसता, आणि या माणसानं तो ब्लीचिंग पावडर घालून घासून काढला होता. मला त्यांचा इतका राग आला की मी तो बोलून दाखवला. "मामा, हात कापायला तुम्हीच निघालात की!" बोलल्यावर मीच जीभ चावली.

"ते विरजण आणखी कुणाकडे आहे? कुणी नेलं होतं कधी?"

त्यांचा चेहरा बदलला. उठले, हौदाला एक वळसा घातला, दुसरा घातला. मी घड्याळ बघत होते. सव्वाअकरा.

"शिवगोंडानं नेलं हुतं," ते शेवटी म्हणाले. "सा वर्सं झाली."

नाव सांगायला एवढा वेळ का लागला ते गाडीत कळलं. शिवगोंडा पाटील म्हणजे त्यांचा जिवलग दोस्त, वरच्या अंगाला तीन किलोमीटरवर त्याचं गुऱ्हाळ. चार वर्षांपूर्वी सर्जेरावांनी काहील मुलीच्या हाती दिली, तेव्हा शिवगोंडा भर चावडीत म्हणाला होता, पोरीच्या हातनं गूळ उतरला तर मिशा काढीन. गूळ उत्तम उतरला, मिशा राहिल्या, बोलणं तेवढं बंद झालं. आता सर्जेरावांना त्याच्याच दारात जाऊन सांगायचं होतं की पोरगी भाजली, आणि तिला या दशेला आपणच आणलं. उद्या सगळा काठ म्हणणार, बघा, पोरीच्या हाती दिली की असं होतं.

"मी एकटी जाते. पाणी मागते आणि येते," मी म्हटलं.

"न्हाई. त्यो इच्चारणार कशाला पायजे. खोटं सांगून आणल्यालं पाणी तुमचं यंतर घेतंय व्हय?"

यंत्रानं घेतलं असतं. पण मी तसं सांगितलं नाही.

शिवगोंडाची काहील ऐन उकळीत होती. खांद्यावर पंचा, हातात लांब दांड्याचा हलवणा, गडी भोवती उभे. पाक यायला चार-पाच मिनिटं होती. त्या वेळी गुळव्या कुणाच्या बापाकडेही बघत नाही. सर्जेराव काहिलीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्या सगळ्या गड्यांदेखत मोठ्यानं बोलले, एका दमात. साखळी, पाक, हौद, दंडाला धरून मागं ओढलं ते, नळाची थाप, चुना. शेवटी म्हणाले, "तिचा हात उद्या जाणार हाय. माझं पाणी तुझ्याकडं हाय. दे."

शिवगोंडाचा हात थांबला.

"अण्णा, करपतंय!" एक गडी ओरडला. शिवगोंडानं वळून पाहिलं नाही. पाकाचा रंग डोळ्यांदेखत काळवंडत गेला, जळका वास सुटला, गडी धावाधाव करायला लागले आणि तो तसाच उभा.

"सर्जा," तो म्हणाला, "माझ्या पोराचा, सन्मतीचा पाय टॅक्टरखाली ग्येला म्हणून गावाला सांगटलं न्हवं म्या? टॅक्टर न्हाई. पाकच सांडला हुता पायावर. म्याच घातला हौदात. दोन वर्सं झाली. डाक्टरनं इच्चारलं, म्या नळ सांगटलं."

मी मनात हिशेब मांडला. दोन वर्षांपूर्वी हा माणूस खरं बोलला असता तर सन्मतीचा पाय राहिला असता, भक्षक पेढीत आला असता, आणि आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ईश्वरीचे गुण जुळले असते. शिवगोंडाला ते माझ्याही आधी उमगलं होतं. त्यानं हलवणा टाकला, माझ्या हातातली बाटली घेतली आणि स्वतः हौदाच्या तळातून भरून दिली.

नमुने नेणाऱ्या ड्रोनला आम्ही कावळा म्हणतो. कावळा सव्वाबाराला उडाला आणि आमच्या आधी अर्धा तास प्रयोगशाळेत पोचला. तिथे पाणी गाळलं. गाळणीची छिद्रं इतकी बारीक की जंतू वर अडकतो, भक्षक तेवढा खाली उतरतो. ईश्वरीच्या जंतूची दाट साय धरलेल्या ताटलीवर त्या पाण्याचे थेंब सोडले. शिकारी असेल तर सायीला भोक पडणार. दोन वाजता काही नाही. चारला काही नाही. सहा वर्षं वेगळ्या हौदात राहिल्यावर शिकारी बदललाही असेल, हे मला माहीत होतं. साडेपाचला मी ताटली उजेडात धरली. हिरवट सायीत, डाव्या बाजूला, मोहरीएवढी एक स्वच्छ गोल खिडकी.

मी ओरडले. खरंच ओरडले, शेजारच्या खोलीतून लोक धावत आले. मध्यस्थानं पत्रिका जुळवली: चौतीस! आधीच्या काळी इथून औषध बनवायला महिना लागायचा. आमच्या गुणक यंत्रात एका भक्षकाचे अब्जावधी व्हायला आणि मेलेल्या जंतूंचं विष गाळून औषध शुद्ध व्हायला चौदा तास पुरतात. सकाळी आठ वाजून पंचवीस मिनिटांनी बोटभर कुपी माझ्या हातात आली.

एक अडचण उरली होती. खोट्या जबानीवर भक्षक देता येत नाही, तसा नियम आहे. जबानी सुधारून, रुग्णाला वाचून दाखवून सही लागते. सर्जेराव खाटेजवळ उभे राहून वाचायला लागले. ईश्वरीचे ओठ तापानं फुटले होते.

"आबा, नळाचंच ऱ्हाऊ दे. औषध आलंय न्हवं आता?"

"न्हाई ईसू."

"गाव म्हणंल, बापानं लेकीचा हात घालवला. तुमास्नी जगू द्याचे न्हाईत. ह्यासाठीच मी गप बसलो हुतो."

"हात द्याय निघाली हुतीस व्हय गं माझ्यापायी?" सर्जेरावांनी कागद खाली केला. "म्हणू दे गावाला. खरंच हाय ते."

मी सांगितलं, की जबानी जगभरच्या पेढ्यांना दिसते, हवं तर नाव गुप्त ठेवता येतं. तो त्यांचा हक्क आहे.

"नाव लिवा," ते म्हणाले. "पुरं लिवा, गावासकट. न्हाईतर आणिक कोणतरी नळ सांगंल."

त्यांनी सही केली. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. डॉक्टर मुल्लांनी घड्याळ पाहिलं, आठ अठ्ठेचाळीस, आणि कुपी फोडली. निम्मं औषध जखमेवर, निम्मं शिरेतून.

दुपारी ताप एकशेचारच. डॉक्टर मुल्ला दर तासाला येत, ताप बघून जात. शस्त्रक्रियेची खोली त्यांनी तयारच ठेवली होती. संध्याकाळी एकशेदोन. दुसऱ्या दिवशी शंभर. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा ती पांढरी निघाली. डॉक्टर मुल्लांनी ती नाकाशी धरली, मग माझ्या नाकाशी धरली. नुसता औषधाचा वास. "खोली रिकामी करा," त्यांनी नर्सला सांगितलं आणि मला अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला.

नव्या भक्षकाची पेढीत नोंद झाली. कुंभारओढा-१. खाली उगमाची ओळ: सर्जेराव चौगले, गुळव्या, यांनी आपल्या मुलीचा भाजलेला हात भेंडीच्या हौदात घालायला लावला.

एकोणीस दिवसांनी मी ईश्वरीच्या खोलीत होते. हातावर नवी कातडी बसवून झाली होती. बापलेकीचं कशावरून तरी जोरात भांडण चाललं होतं, म्हणजे सगळं ठीक होतं. तेवढ्यात माझ्या हातातल्या पेढीच्या पडद्यावर फोन आला. मंड्याजवळच्या एका गुऱ्हाळवाल्याचा, कर्नाटकातून. पडद्यावर पन्नाशीचा एक माणूस, दाढी वाढलेली, पाठीमागे रुग्णालयाची भिंत. तो कन्नडात बोलत होता आणि फोन ते पुस्तकी मराठीत सांगत होता.

"माझ्या मुलासाठी तुमचे औषध जुळले आहे. एकतीस गुण. खाली सर्जेराव चौगले असे नाव आहे. ते गृहस्थ आहेत का?"

सर्जेराव पुढे झाले. "म्याच."

त्या माणसानं मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मीसुद्धा मुलाला हौदात उतरवले. मी अजून कोणाला सांगितलेले नाही. तुमच्या मुलीचा हात राहिला का?"

सर्जेरावांनी पडदा खाटेकडे वळवला. ईश्वरीनं पांघरूण बाजूला सारलं आणि हात वर उचलला, दंडापर्यंत जांभळा, ठिगळाठिगळांचा, आणि त्या माणसाला पाची बोटं एकेक करून हलवून दाखवली.